भगवंतभाऊंच्या लॅपटॉपचा आवाज

आमचे शेजारी भगवंतभाऊ लॅपटॉपला ‘अहो’ म्हणतात. झाकण उघडताना, "उठा बरं आता." बंद करताना, "पडा जरा, दमले असान." सख्ख्या मेहुण्याला मात्र ते सरळ अरेतुरे करतात.

भाऊ अमरावतीत एका वकिलांकडे कारकून होते. जन्मभर साक्षी ऐकून माणसांवरचा त्यांचा विश्वास उडाला आणि तो सगळा यंत्रावर जाऊन बसला. "वयनी, मानूस खोटं बोलते. मशीन नाई बोलत." हे मी दिवसातून एकदा तरी ऐकतेच.

लॅपटॉपवर आधी दुसरीच कुठली तरी प्रणाली होती. ती मधूनच ‘थांबा’ म्हणायची आणि अर्धा तास चाक फिरवत बसायची. भाऊ खवळले. "माह्या घरात, माह्या टेबलावर, मलेच थांबा म्हनते! काहून थांबू मी?" तिला हाकलून त्यांनी लिनक्स घातलं. पुढे आग्रह करकरून गल्लीतल्या तीन घरांतही घातलं. त्यातल्या दोन घरांचे प्रिंटर तेव्हापासून बंद आहेत. ती मंडळी आता भाऊ दिसले की रस्ता बदलतात.

तर दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी भाऊंच्या लॅपटॉपचा आवाज गेला. भाऊंची लेक संगीता अकोल्याला असते. रोज संध्याकाळी लॅपटॉपवरच्या व्हिडिओ कॉलमध्ये ती दिसायची, भाऊंचं बोलणं तिला ऐकूही जायचं, पण तिचं इकडे काही येईना.

भाऊंनी काळा पडदा उघडून त्यावर आज्ञा टाइप करायला सुरुवात केली. शेजारी दोनशे पानी वही. प्रत्येक आज्ञेपुढे निकाल, कोर्टाच्या भाषेत : ‘सदरहू उपाय केला असता आवाज आला नाही.’ दोन दिवसांत अशी अकरा पानं भरली.

"अहो, फोन करा ना तिला," मी म्हटलं.

"फोन कामाचं बोलाले असते," भाऊ म्हणाले आणि बारावं पान उलटलं.

पाचव्या दिवशी संध्याकाळी मी वांग्याचं भरीत घेऊन गेले, तर भाऊ पलंगाखाली. फक्त पाय बाहेर.

"काय शोधता?"

"हेडफोन."

"तुमच्याकडे हेडफोन होता?"

"नाई. कधीच नोयता." भाऊ धुळीसकट बाहेर आले आणि त्यांनी पडद्याच्या कोपऱ्यातलं इवलंसं चित्र दाखवलं. "पन थे पाहा. मशीन म्हनते, हेडफोन लावला हाय. म्हनजे लावलाच असन. आवाज त्याच्यातच जाऊन राहिला."

कधी विकत न घेतलेला हेडफोन हा माणूस घरभर शोधत होता! मला हसू आवरेना. मी लॅपटॉप उचलून खिडकीशी नेला. हेडफोनच्या भोकात काहीतरी लाल दिसत होतं. केसांतली पिन काढून टोकरलं, तर टेबलावर टपकन पडला कुंकवाने माखलेला एक तांदूळ.

दसऱ्याला भाऊंनी लॅपटॉपची यथासांग पूजा केली होती. पाटावर बसवून, हळदकुंकू वाहून, वर झेंडू आणि मूठभर अक्षता. त्यातली एक नेमकी भोकात शिरली. लॅपटॉपला वाटलं, हेडफोन आला. त्याने बिचाऱ्याने बाहेरचा आवाज बंद केला.

भाऊंनी तो तांदूळ उचलून निरखला. मग वही ओढून लिहिलं, ‘सदरहू यंत्र खोटे बोलले नाही; गैरसमजुतीने बोलले.’ आणि घाईघाईने अकोला लावलं.

आता बापलेक बोलतील म्हणून मी उठले. पण पडद्यावर नुसता ओटा आणि फोडणी परतणारा संगीताचा हात. कढईत उलथन्याची खडखड, नळाचं पाणी, भांडं आपटल्याचा आवाज. भाऊंनी आवाज पूर्ण मोठा केला, स्वयंपाकघरात गेले आणि परातीत ज्वारीचं पीठ घेतलं.

"बाबा, येऊन राहिला का आवाज?"

"आला."

एवढंच. पुढे दोघंही आपापल्या कामात.

माझं लक्ष भाऊंच्या ओट्यावर गेलं. बिस्किटांचे रिकामे पुडे, आणि तवा कोरडा ठाक. पाच दिवस भाऊंनी चूल पेटवलीच नव्हती.

माझ्या नजरेचा रोख त्यांच्या लक्षात आला. "इची माय गेल्यापासून हे घर गप झालं, वयनी," पीठ मळता मळता ते हळूच म्हणाले. "घरात कोनी भांडं आपटत नाई. गप घरात मले घास जात नाई. लेकीच्या घरी रोज जाऊन बसता येते का? म्हून हे असं. बोलाचं काई नसते. नुसतं चालू ठेवाचं."

पाच दिवस मी यांना हसत होते. मला फार वाईट वाटलं. मी गुपचूप ताट घेतलं आणि भरीत वाढलं.

भाकरी तव्यावर पडली. पलीकडे कुकरची शिटी झाली. भाऊंनी पिठाचा हात वर करून एक बोट दुमडलं. थोड्या वेळाने दुसरं, मग तिसरं.

"संगे, तीन झाल्या. गॅस बंद कर."

"हो बाबा."

अकोल्याचा गॅस बंद झाल्याचा खटका अमरावतीत ऐकू आला. मग भाऊंनी ताट पुढे ओढलं आणि पहिला घास घेतला.