झिंगरूभाऊंचं बेट

झिंगरूभाऊंच्या डोंग्यात पाय ठेवला की ते आधी माणसाला वल्हवायच्या बांबूने मोजत आणि वैनगंगेमधल्या बेटाकडे बोट दाखवत. "गुरुजी, तुमाले जांभळीखाली बराबर होते. पाय लंबे करता येते." आरमोरीकडच्या या गावात मी मास्तर म्हणून आलो, त्या पहिल्याच दिवशी माझी जागा ठरली.

बेट म्हणजे गावाची जुनी मसणवट. महामारीत मेलेल्यांना तिथे पुरलं की रोग नदी ओलांडून परत येत नाही, हा तेव्हाच्या शहाण्यांचा तर्क. पुढे तान्ही लेकरंही तिथेच जाऊ लागली. नाव कुणाचंच नाही. जो बेटावर जाईल त्याने पुरलेल्याच्या मातीवर एक गोटा टाकायचा, एवढीच रीत. कोण कुठे आहे हे एकट्या झिंगरूभाऊंना पाठ. "हे सासू, हे सून. मधात जागा सोडली, नाई त भांडतेत."

गोट्यांचा एक ढीग मात्र छातीइतका उंच. तिथे पुरलेला माणूस झिंगरूभाऊंच्या तोंडी दर खेपेला बदलायचा. कधी राजाचा दिवाण, कधी वाघ मारणारा शिकारी. मी चिडवायचो, "भाऊ, मागच्या वेळी तर दिवाण होता!"

"दिवाणच शिकार करे ना जी!"

गावातल्या बाया त्या दिवाणाला नवससुद्धा बोलत.

यंदा खाली बंधाऱ्याने पाणी अडवलं. बेट बुडणार हे ठरलं. ग्रामपंचायतीचा ठराव झाला की प्रत्येक मातीवरचा एक गोटा काठावर आणायचा आणि त्यावर नाव रंगवायचं. झिंगरूभाऊ सांगणार, मी लिहिणार. तीन दिवस आम्ही खेपा केल्या. जांभळीखाली पाणी शिरलं, माझी जागा गेली. मला खरंच वाईट वाटलं.

शेवटी मोठ्या ढिगाचा गोटा उरला. ब्रश बुडवून मी विचारलं, "बोला, दिवाण का शिकारी?"

झिंगरूभाऊ खालीच बसले. "कोनी नाई जी. माझी पोरगी होय. सात दिवसाची होती."

"आणि एवढे गोटे?"

"मीच टाकले. रिकामा डोंगा घेऊन परत येताना रोज एक. तान्ह्या लेकराच्या मातीपाशी दुसरं कोन थांबते? दिवाण म्हटलं त लोक हात तरी जोडतेत."

"नाव काय तिचं?"

अख्ख्या बेटाची नावं सांगणाऱ्या झिंगरूभाऊंनी तो गोटा पुसून माझ्याकडे सरकवला. मग म्हणाले, "बारसं राहून गेलं. तुमीच ठेवा ना, गुरुजी. शाळेत लय नावं असते तुमच्यापाशी."

हजेरीपटावरचं एकही नाव मला आठवेना. शेवटी मी माझ्या आईचं नाव लिहिलं.

झिंगरूभाऊंना वाचता येत नाही. ओला गोटा मांडीवर घेऊन ते म्हणाले, "वाचून दाखवा जी."

मी वाचलं.

"आणखी एकडाव."