नोराचं दार आणि पूर्णत्वाचा दाखला

माणूस आगीत क्वचित मरतो. गार वाऱ्याच्या झोताने मात्र रोज मरतो, अशी आम्हा यॉर्कशायरच्या बायकांची पिढ्यान्‌पिढ्यांची खात्री आहे. माझ्या आईने सात मुलं वाढवली ती दाराखाली पोतं गुंडाळून आणि खिडक्यांच्या फटींत वर्तमानपत्र कोंबून. त्या काळी वारा घरात फुकट येई आणि आम्ही तो कष्टाने बाहेर ठेवत असू. पुढे सरकारने अनुदान देऊन सगळ्या फटी बुजवल्या. मग घरांचा श्वास कोंडतो असं लक्षात आलं आणि नियम करून तितक्याच फटी पुन्हा पाडायला लावल्या. (यात कुणाची चूक नव्हती. दोन्ही वेळी मोजमाप अचूक होतं.)

हे सगळं मला एनिड बूथरॉयडच्या माळ्यावरून आठवलं. गोष्ट १९९८ सालची. एनिड माझी शेजारीण. दोन्ही घरांत मिळून भिंत एकच. तिची थोरली बहीण नोरा कंबरेचं हाड मोडल्यापासून वृद्धाश्रमात होती. आश्रम उत्तम होता. जेवण गरम, चादरी स्वच्छ, आणि प्रत्येक दार अग्निरोधक, उघडलं की आपलं आपण मिटणारं. नोराचं वय चौऱ्याऐंशी, दोन्ही हात चालायच्या चौकटीवर, वजन चिमणीएवढं. दार तिच्याहून जड. कुणीतरी येऊन उघडेपर्यंत ती आत बसून राही. (आश्रमाच्या अहवालात याची नोंद 'रहिवासी शांत असतात' अशी होती.)

"मला घरी ने गं," ती दर रविवारी एनिडला म्हणायची. "जिथे दार उघडं असतं तिथे."

चौकटीसह नोराला राहता येईल अशी खोली एकच होती, तळमजल्यावरची पुढची. तिथे एनिडचा मुलगा ट्रेवर राहत होता, वय त्रेचाळीस, आणि त्याची आगगाडी. (तिला खेळण्यातली म्हटलेलं त्याला खपत नाही.) तेव्हा ट्रेवरला गाडी, रूळ आणि दोन स्थानकांसकट माळ्यावर हलवायचं ठरलं. सुतार आला, जिना चढवला, छपरात खिडकी बसली. नोराला नाताळाच्या आत आणायचं होतं.

पण माळ्यावर माणूस झोपायला लागला की घर तीन मजली होतं, आणि घर तीन मजली झालं की जिना पवित्र होतो. तेव्हाच्या नियमाप्रमाणे जिन्याकडे उघडणारं प्रत्येक दार अर्धा तास आगीला तोंड देणारं हवं आणि आपोआप बंद होणारं हवं. नोराच्या खोलीचंही. नियमाने सगळं पाहिल्यावर नगरपालिका पूर्णत्वाचा दाखला देणार आणि दाखला पाहिल्याशिवाय समाजकल्याण खात्याच्या बाई नोराला सोडणार नव्हत्या.

बांधकाम निरीक्षक म्हणून आला लेनर्ड पिकर्सगिल. मी त्याला शाळेत शिकवलं होतं. माझ्या सबंध नोकरीत इतकी दारं उघडी टाकून गेलेला दुसरा विद्यार्थी मला आठवत नाही. "लेनर्ड, दार कोण लावणार, राजा?" असं मी चार वर्षं रोज विचारत होते. नगरपालिकेने अखेर उत्तर दिलं.

पहिल्या तपासणीत लेनर्डला पुढील गोष्टी आढळल्या. अग्निरोधक दारं एकूण पाच. पैकी बंद, एकही नाही. एक धुण्याच्या टोपलीने अडवलेलं, एक जुन्या इस्त्रीने, दोन लाकडी पाचरींनी. खिडकीच्या माथ्यावरची हवेची फट, आठ हजार चौरस मिलिमीटर, चिकटपट्टीने बुजवलेली, पट्टीचे थर तीन. न्हाणीघरातल्या पंख्याच्या भोकात ट्रेवरचा मोजा. आणि पाचवं, स्वयंपाकघराचं दार उघडं धरून ठेवलेलं होतं ते नव्याकोऱ्या लाल अग्निशामक नळकांड्याने.

"ट्रेवर, हे काय आहे?"

"अग्निशामक. मी स्वतः आणलं," ट्रेवर अभिमानाने म्हणाला.

"ते दाराला कशाला लावलंयस?"

"नाहीतर दार बंद होतं ना."

"अरे, ते बंद व्हायलाच हवं!"

"आणि दारापलीकडे आग लागली, तर अग्निशामक आणायला मी जायचं कुठून?"

लेनर्डने हा प्रश्न वहीत लिहून घेतला. उत्तराची जागा अजून कोरी आहे. मग त्याने खिशातून एक पौंडाचं नाणं काढलं आणि दारांच्या फटी मोजल्या. बाजूला एका नाण्याएवढी फट चालते, त्याहून जास्त असली तर धूर येतो. खाली मात्र तीन नाण्यांएवढी हवीच, नाहीतर हवा येत नाही. (धुराने कुठून यायचं आणि हवेने कुठून, हे दोघांनाही कळवलेलं असावं.)

दाखला नाकारला. पुन्हा तपासणी चौदा डिसेंबरला.

"नोरा आता येत नाही," एनिड माझ्या स्वयंपाकघरात बसून म्हणाली. चहा तसाच गार झाला. "मी तिला वचन दिलंय, हिल्डा."

"रडू नकोस. मोजा काढ आधी," मी म्हटलं.

आमच्या गल्लीत बावीस घरं. माळ्यावर खोली काढलेली नऊ, पाचर असलेली बावीस. गिरणीच्या दिवसांपासून आमच्यात एक पद्धत आहे: काही कळवायचं असेल तर चुलीतली लोखंडी सळई घ्यायची आणि शेजारच्या भिंतीवर ठोकायची. बाळंतपण, मयत, भाडंवसुली, सगळ्याच्या खुणा ठरलेल्या. चौदा तारखेला लेनर्डची मोहरी रंगाची गाडी कोपऱ्यावर दिसली आणि तीन ठोके निघाले. चार मिनिटांत गल्लीतली शेवटची पाचर निघाली. ज्यांच्याकडे तपासणी नव्हती त्यांनीही काढल्या. (याला आम्ही नागरिकांचं सहकार्य म्हणतो.)

लेनर्डने एनिडच्या घरातलं एकेक दार उघडलं आणि सोडलं. पाचही दारं धप्प, धप्प मिटली. घर इतकं शांत झालं की मला भिंतीपलीकडून एनिडचा आवाज येईना. त्या भिंतीतून मी चाळीस वर्षं तिचं लग्न ऐकलं होतं.

दाखला मिळाला. अकरा पानी, सही-शिक्क्यासह.

एकवीस तारखेला नोरा आली. गल्ली पायरीवर उभी होती. ट्रेवरने तिला पुढच्या खोलीत नेलं, खिडकीजवळ बसवलं, पांघरूण घातलं आणि चहा आणायला तो बाहेर पडला. त्याच्यामागे दार धप्प मिटलं.

नोरा उठली. चौकट सरकवत दारापाशी गेली. मी आतच होते, पण तिने मला हाताने थांबवलं. एक हात चौकटीवर ठेवून तिने दुसऱ्याने मूठ ओढली. दार दोन नाण्यांएवढं हललं आणि परत मिटलं. तिने पुन्हा ओढली. मग ती खुर्चीत जाऊन बसली.

"हे दार माझ्या ओळखीचं आहे," ती म्हणाली.

मी दार उघडलं. बाहेर एनिड उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. कपाटातून तिने दाखला काढला, एक घडी घातली, मग दुसरी, मग तिसरी. वाकायला तिला वेळ लागला. एक, दोन, तीन नाणी, असं तिने हलक्या आवाजात मोजलं आणि अकरा पानं दाराखाली सारली. तंतोतंत बसली. नगरपालिकेचा कागद जाड असतो.

दोन दिवसांनी लेनर्ड विसरलेली मोजपट्टी न्यायला आला. ओसरीतल्या अंधारात त्याने उघडं दार पाहिलं, मग खाली पाहिलं. स्वतःची सही त्याला ओळखू आली असावी. तेवढ्यात आतून नोरा ओरडली, "कोण, लेनर्ड का? दार लावू नकोस हं!"

लेनर्ड माझ्याकडे वळला. "मिस," तो मला म्हणाला, "हे मला आजवर कुणी म्हटलं नव्हतं." मग त्याने बुटाच्या टोकाने दाखला जरा आत सरकवला. "झोपायच्या आधी मात्र काढा. रोज. आणि ओला होऊ देऊ नका, घर विकताना लागतो."

एनिडने तो रोज काढला आणि रोज सकाळी पुन्हा लावला, नोरा होती तोवर. सहा वर्षं.

तर वाचकहो, हे वाचून झालं की टाकून देऊ नका. ही पानं अकरा नाहीत, पण चार घड्या घातल्या तर काम भागेल. फक्त वाकण्याआधी आपल्या घरात एकदा बघून घ्या: मिटलेलं दार कोणतं आहे, आणि त्याच्यापलीकडे शांत कोण बसलंय.