सुट्टीची सुनावणी

मोठ्या सुट्टीला पंधरा दिवस उरले असताना बायकोनं नवऱ्याला स्वच्छ सांगून टाकलं, की यंदा चार दिवस आपण कुठं जायचं नाही आणि कुणाला बोलवायचंही नाही. ती नर्स. वर्षभर पाळ्या करून पायांची पार वाट लागलेली, आणि दर सुट्टीत सासरी वीस माणसांचं रांधायला सासूच्या जोडीनं ओट्याशी उभं राहायचं. ती सुट्टी कसली, आणखी एक पाळीच. तिला फक्त झोपायचं होतं.

"तुझ्या माणसांना तू सांग," ती म्हणाली. "आणि असं सांग, की पुन्हा विचारायला कुणी येता कामा नये."

नवरा पाणीपुरवठा कार्यालयात हेडक्लार्क. माणूस गरीब. तोंडानं 'नाही' म्हणायचं म्हटलं की बोबडी वळायची. लिहायला मात्र कितीही सांगा. बावीस वर्षं नोटिसा लिहून हात इतका बसला होता, की अमुक दिवशी पाणी येणार नाही हे तो डोळे मिटून लिहू शकला असता. तसंच त्यानं हे लिहिलं. सुट्टीचे चार दिवस सदर कुटुंब भेटीगाठींसाठी बंद राहील, संबंधितांनी नोंद घ्यावी. नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकलं आणि सुटलो म्हणून पंखा लावून बसला.

सुटतोय कसला! नोटीस संपली तरी त्याचा हात थांबला नव्हता. प्रत्येक नोटिशीखाली येणारं शेपूट त्यानं इथंही लावलं होतं: हरकती सात दिवसांत लेखी कळवाव्यात, आलेल्या हरकतींवर सुट्टीच्या पहिल्या दिवशी सकाळी अकरा वाजता समक्ष सुनावणी होईल. 'कार्यालयात' खोडून 'राहत्या घरी' करायला मात्र तो विसरला नव्हता.

सात दिवसांत अकरा हरकती आल्या. आत्याची चार पानी होती आणि त्यात ह्याच्या लहानपणीची सगळी आजारपणं होती. बाबांची एका ओळीची, हा काय चावटपणा आहे, अशी. मोठे काका निवृत्त हेडमास्तर. नोटिशीवर जावक क्रमांक नसल्यामुळे ती ग्राह्य धरता येत नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं. खरं तर तिथंच सगळं निभावलं असतं. पण बिनक्रमांकाची नोटीस म्हणजे काय, ह्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यानं क्रमांक घालून ती पुन्हा काढली आणि सुनावणी पक्की केली.

"मग रद्द कर ना आता," बायको दात आवळून म्हणाली.

"हरकती आल्यावर सुनावणी रद्द करता येत नाही गं," तो कळवळून म्हणाला.

सुट्टीच्या पहिल्या दिवशी साडेदहालाच मंडळी दारात हजर. सुनावणी लांबलीच तर असावेत म्हणून सगळ्यांनी कपडे आणले होते. गुडघा धरला म्हणून फक्त आई आली नव्हती. काकांनी फाइल उघडली, बाबांनी चहा झाल्याशिवाय सुरुवात नको म्हणून सुचवलं, आत्यानं जेवायला काय आहे ते विचारून घेतलं. स्वयंपाकघरात बायकोनं मोठं पातेलं काढलं आणि तिला रडूच फुटलं. तेवढ्यात सासूचा फोन आला.

"सगळे पोचले का गं?"

"पोचले. तुमचा गुडघा कसा आहे?"

"गुडघ्याला काय धाड भरलीय! बेचाळीस वर्षांत सुट्टीत हे घर रिकामं आज पहिल्यांदा बघतेय मी." सासूचा आवाज एकदम खाली आला. "मागच्या खोलीत पडदे ओढलेत, तुझी गादी घातलीय. गुपचूप निघून ये."

सुनेनं गॅस बंद केला, पिशवीत दोन कपडे कोंबले आणि बाहेर येऊन सांगितलं, की आईंना अजिबात उठवत नाहीये, चार दिवस कुणीतरी जवळ हवं. सगळ्यांना ते पटलं. बाबा तर म्हणाले, तू आहेस म्हणून काळजी नाही. अशी सून मिळायला नशीब लागतं, म्हणून आत्यानं पदर डोळ्यांना लावला. दार बंद झालं, आणि मग सगळी मंडळी चहासाठी हेडक्लार्ककडे बघू लागली.

दुपारी चारला मागच्या खोलीत सासूला जाग आली. कुशीवर वळून तिनं विचारलं, "चहा टाकू का गं?"

"कोण उठणार, आई?"

"तेही खरंच," म्हणत सासूनं पांघरूण डोक्यावरून ओढलं.