मेश्राम काका पंखा निवडतात

कॉम्प्युटरच्या दुकानात लोक किंमत विचारतात, वॉरंटी विचारतात. मेश्राम काका पंखा कानाला लावतात. दुकानदाराला तो चालू करायला लावायचा, डोळे मिटायचे, मान जरा कलती करायची आणि निकाल द्यायचा, "हा मुका आहे."

मुका म्हणजे नापास.

बिबवेवाडीच्या आमच्या सोसायटीत ते माझ्या खालच्या मजल्यावर राहतात. तरुणपणी भंडाऱ्याहून पुण्याला आले आणि निवृत्त होईपर्यंत एकाच कारखान्यात लेथवर उभे राहिले. मशीन बिघडणार हे म्हणे त्यांना आवाजावरून आधीच कळायचं. "मशीन बोललं पाहिजे, भाऊ," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. लिफ्ट, पाण्याची मोटर, आमचा मिक्सर, सगळ्यांना तोच नियम. एकदा माझ्या नव्या फ्रीजला त्यांनी बराच वेळ कान लावला आणि ठरत आलेल्या लग्नातला मुलगा नापसंत करावा तशा आवाजात म्हणाले, "हा आतल्या गाठीचा आहे." हा किस्सा मी सोसायटीत नकलेसकट सांगत असे. लोक हसायचे, आणि लोक हसले की मला बरं वाटायचं. आज ते लिहितानाही लाज वाटते.

मध्यंतरी त्यांचा जुना डेस्कटॉप बंद पडला. रविवारी सकाळीच काका माझ्या दारात. दाढी वाढलेली, चेहरा पार उतरलेला.

"चला ना भाऊ. तुम्हाला त्यातलं कळते. आजच पाहिजे."

माझ्या ऑफिसात कॉम्प्युटरची खरेदी मीच बघतो. म्हटलं, नवाच घ्या. तर म्हणाले, "पेन्शनीत नाही बसत. जेवढं बदलावं लागेल तेवढंच." काका त्या कॉम्प्युटरवर नेमकं करतात काय, हे विचारायचं मला सुचलं नाही.

दुकानात मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅम या गोष्टींत त्यांना काडीचा रस नव्हता. "तुम्ही म्हणाल ते." मी एसएसडी दाखवली तेव्हा मात्र त्यांनी ती बोटांत उलटसुलट करून पाहिली.

"यात काही फिरत नाही?"

"नाही काका. म्हणून तर ही चांगली."

"मग जुनी हार्ड डिस्कच राहू द्या. ती कुरकुरते तरी."

त्यानंतर पंखे आले. एकामागून एक सगळे मुके. शेवटी दुकानदार म्हणाला, "आजोबा, कॉम्प्युटर हवाय का पिठाची गिरणी? गिरणी पलीकडच्या गल्लीत आहे. रविवारी बंद असते." मी हसलो. काका हसले नाहीत.

मला कंटाळा आला होता. "अहो, शांत पंख्यासाठी लोक जास्तीचे पैसे देतात," असं म्हणून मी कारभार हातात घेतला. एसएसडीच घेतली, प्रोसेसर एक पायरी खालचा घेतला आणि वाचलेल्या पैशांत सगळ्यात शांत पंख्यांचं कॅबिनेट बसवलं. एवढ्या बजेटात हे जमवल्याचा मला अभिमानच वाटत होता. काकांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि खोकं उचललं.

घरी येऊन आतल्या खोलीत मी ते जोडलं. पडदा उजळला.

"बघा! चालू आहे हे कळतसुद्धा नाही."

"हो ना," काका म्हणाले. "तेच तर."

बाहेर काकू ताटावर बसल्या होत्या. अलीकडे त्या बरंच विसरतात. तिथूनच त्यांनी विचारलं, "अहो, मंगेश गेला का?"

"आहे ना आत."

"मग आवाज का नाही येत? न जेवताच गेला वाटते पोरगा." त्यांनी ताट सरकवलं आणि उठून गॅलरीत जाऊन रस्त्याकडे बघत उभ्या राहिल्या.

मंगेश त्यांचा मुलगा. लॉकडाऊनमध्ये तो याच खोलीत दार लावून दिवसभर काम करायचा. आता बायकोमुलांसह वाकडला असतो. पुण्यातल्या पुण्यात आहे, दिवाळीला येतो.

"पंखा चालू असला की तिला वाटते, पोरगा आत कामात आहे," काका हलक्या आवाजात म्हणाले. "मग जेवते. काल सकाळी हा बंद पडला. तेव्हापासून तिच्या पोटात घास नाही."

"मला सांगायचं तरी, काका."

"काय सांगू? तुम्ही हसता ना, भाऊ."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं.

मग त्यांनीच विचारलं, "जुना पंखा बसते का यात?" कोपऱ्यातल्या जुन्या खोक्यातून मी तो काढला. बेअरिंग पार गेलेलं होतं. ऑफिसात मी असा पंखा बघताक्षणी फेकायला लावतो. सवयीने मी तेलाची बाटली मागितली, तर काकांनी माझं मनगट धरलं. "तेल नका घालू."

तो तसाच बसवला आणि बटण दाबलं. खोलीभर घरघर सुरू झाली. काका डोळे मिटून ऐकत राहिले.

आम्ही दार ओढून बाहेर आलो. काकू गॅलरीतून आत आल्या होत्या. मी तोंड उघडणार तोच त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. "हळू. त्याची मीटिंग चालू आहे."

ताट पुढे ओढून त्या जेवायला बसल्या. गार झालेला भात त्यांनी सगळा संपवला. हात धुऊन स्वतः चहा ठेवला आणि पहिला कप काकांच्या हातात दिला. "त्याला नेऊन द्या."

काका कप घेऊन आत गेले. दार लागलं. काकू दाराकडे कान देऊन बसल्या. काका बाहेर आले तेव्हा कप रिकामा होता.

"घेतला?" काकूंनी कुजबुजत विचारलं.

"घेतला," काकाही कुजबुजले. "साखर कमी झाली म्हणे."