हिराजी तांडेलांची निरगाठ

हिराजी तांडेलांना मोकळी दोरी बघवत नसे. दिसली की त्यांनी ती कशाला तरी बांधलीच. साताऱ्याहून बोईसरच्या कारखान्यात नोकरीला लागलो आणि तारापूरच्या बाजूला, किनाऱ्यावरच्या गावात त्यांच्या शेजारी खोली घेतली. दुसऱ्याच सकाळी माझी सायकल माडाला बांधलेली! गाठ दातांनीही सुटेना. खूप हाका मारल्यावर काका मिशी विंचरून, वरातीला निघाल्यासारखे सावकाश आले आणि दोन बोटांनी ती सोडली.

"काका, सायकल म्हणजे होडी नव्हे!"

"गाट सुटली का सगलं जाते, सातारकर. मानूस बी जाते."

मग हे रोजचंच झालं. बायको वारलेली, दोन्ही मुलगे सालवडला राहून कारखान्यात पाळ्या करणारे, होडी विकलेली. काकांकडे आता गाठीच तेवढ्या उरल्या होत्या.

त्यांचं खरं वैभव पंधरा ऑगस्टला दिसे. सत्तेचाळीस साली गावच्या शाळेचा पहिला झेंडा त्यांच्या वडिलांनी बांधला, तेव्हापासून तो मान तांडेलांच्या घरात. काका आदल्या दिवसापासून मासळी शिवत नसत. कोळ्याने मासळी सोडायची म्हणजे देशासाठी याहून मोठा त्याग नाही. सकाळी डोक्यावरून आंघोळ, देवाला नारळ, डोक्याला ठेवणीतली लाल टोपी, आणि मग पाकळ्या घालून झेंड्याची घडी.

"सरकार दिल्लीचा, झेंडा देशाचा," ते म्हणत, "पन गाट तांडेलाची!"

आता झेंड्याला सुरगाठ मारतात, ओढली की सुटणारी. काका मारत निरगाठ. त्यामुळे दरवर्षी पाहुणे दोरी ओढत आणि झेंडा वर गपचूप बसून राही. एका साहेबांचा सफारी काखेत उसवला. देशाचा भार खांद्यावर घ्यायला निघालेले एक पुढारी दोरीला लोंबकळायचेच बाकी होते. पेटीवाले गुरुजी राष्ट्रगीताचा सूर धरून घामाघूम. अखेर माईकवरून पुकारा होई, "हिराजी तांडेल! हिराजी तांडेल, असाल तिथून झेंड्याजवळ या!"

असत ते पहिल्याच रांगेत. पण दुसऱ्या पुकाऱ्याशिवाय हलत नसत. मग मिशीवरून हात फिरवत येत, दोरीला फक्त त्यांनाच जमणारा एक हिसडा देत, की झेंडा फडफडला, पाकळ्या पाहुण्यांच्या टकलावर. टाळ्या झेंड्याला की काकांना, हे मला कधी कळलं नाही.

मग नवे मुख्याध्यापक आले. शिस्तीचे. "राष्ट्रीय कार्यक्रमात हा पोरखेळ नको," म्हणाले आणि झेंडा स्वतः बांधला. पाहुण्यांनी दोरी ओढली, झेंडा पहिल्याच झटक्यात उघडला. पाच मिनिटांत सगळं आटोपलं. पाहुणे खूश, मुलांच्या हातात गोळ्या वेळेत. खोटं कशाला सांगू, मीही खूश होतो. काका मात्र लाल टोपी घालून मैदान रिकामं होईपर्यंत पहिल्या रांगेत उभे होते.

घरी जाताना मला चेष्टा सुचली. "काका, कबूल करा, तुम्हाला सुरगाठ येतच नाही!"

ते थांबले. खिशातून सुतळी काढून कुंपणाच्या खांबाला बांधली आणि एका बोटाने ओढली. सुळकन सुटली.

"येते वो, सातारकर. पन अशी बांदली, तर मला हाक कोन मारील?"

मी खाली पडलेली सुतळी उचलून त्यांच्या हातात दिली.

"वरसातून एक डाव सगल्या गावासमोर नाव घेतात," सुतळी गुंडाळत ते म्हणाले. "बाकी दिस घरात माजं नाव घेनारा कोन हाय?"

मला स्वतःची लाज वाटली. रोज सकाळी सायकलपाशी उभा राहून मी याच माणसाच्या नावाने खडे फोडत होतो.

दुसऱ्या सकाळी सायकल मोकळीच होती. तिसऱ्या दिवशीही. त्या संध्याकाळी मीच दोर आणला, सायकल माडाला बांधली आणि येतील तेवढ्या गाठी मारल्या. सकाळी कारखान्याची वेळ होत आलेली असताना अंगणात उभा राहिलो आणि साऱ्या आळीला ऐकू जाईल असा ओरडलो, "हिराजी तांडेल! हिराजी तांडेल, असाल तिथून सायकलीजवळ या!"

दार उघडलं नाही. मी पुन्हा पुकारा केला.

मग मिशी विंचरून, लाल टोपी घालून काका सावकाश बाहेर आले. मला पाळीला उशीर व्हायचा तो झालाच.