चौथ्या मजल्यावरची टकटक

अंकुशने वडिलांसाठी आणलेल्या कीबोर्डची किंमत सांगितली, तेव्हा सुचिताबाईंनी आधी हातातला चहाचा ट्रे खाली ठेवला.

"अकरा हजार? थोडे अजून घातले असते तर वॉशिंग मशीन आलं असतं!"

"आई, गेमिंगचा आहे, मेकॅनिकल. पप्पांनी वर्षात तीन साधे कीबोर्ड मारले. हा नाय मरणार."

"म्हणजे हे आता गेम खेळणार?"

"पप्पा बोटं आपटतात गं. हा आपटायलाच बनवलाय."

अंकुशचं खरं होतं. सिताराम गायकवाड बेलापूरच्या एका सरकारी कचेरीत तीस वर्षं टंकलेखक होते. एका खोलीत बारा टाइपरायटर. टाइपरायटरची कळ नुसती दाबून भागत नाही, तिच्यावर बोट मारावं लागतं; तेव्हा कुठे अक्षर कागदावर उमटतं. निवृत्तीनंतर ते खारघरच्या निलगिरी सोसायटीचे सेक्रेटरी झाले, पण बोटांना कोणी निवृत्त केलं नव्हतं. साध्या कीबोर्डात सगळ्या कळांखाली मिळून रबराचा एक पातळ पडदा असतो. सितारामांच्या तर्जनीपुढे तो चार महिने टिकायचा.

या कीबोर्डात मात्र प्रत्येक कळीखाली तिची स्वतःची स्प्रिंग होती. कळ अर्ध्यावर गेली की बोटाला बारीकसा ठोका जाणवे आणि 'टक्' असा आवाज येई. म्हणजे अक्षर पोचलं, आता पुढच्या कळीकडे निघा. कळांवरची अक्षरं इंग्रजी होती आणि खालून निळा-जांभळा उजेड येत होता. सितारामांनी दोन्हींकडे पाहिलं नाही. त्यांनी मराठीत एक ओळ टाइप केली. थांबले. दुसरी केली. मग चष्मा काढून पुसला.

"काय झालं?" सुचिताबाईंनी विचारलं.

"काय नाय. ओळखीचं कोणीतरी भेटल्यासारखं वाटलं."

मंगळवारी तिसऱ्या मजल्यावरच्या वेणूबाई जिना चढून वर आल्या. त्यांचा फ्लॅट सितारामांच्या बरोबर खाली.

"सेक्रेटरी, दुपारचं डोक्यावर कोन टकटक करतंय? आमच्या नातीची, दीक्षाची परीक्षा हाय. पोरगी अभ्यासाला बसली की ह्यांचं चालू!"

"डोक्यावर तर आम्हीच आहोत, आक्का. आमच्याकडे दुपारी चिडीचूप. ही झोपलेली, मी टेबलाशी."

सिताराम खोटं बोलत नव्हते. बारा टाइपरायटरच्या खोलीत ज्याचे केस पांढरे झाले, त्याच्या कानांना एका कीबोर्डची टकटक म्हणजे शांतताच. पण टेबल भिंतीला टेकलेलं होतं, आणि भिंत तिसऱ्या मजल्यापर्यंत जात होती.

"पाचव्यावर नवीन भाडेकरू आलाय," ते म्हणाले. "फर्निचर ठोकत असणार. आवाज खांबातून उतरतो. आत्ता बघतो."

पाचव्या मजल्यावर डोळे चोळत दार उघडणारा माणूस न्हावा शेवाला रात्रपाळी करून आला होता. घरात एक गादी आणि एक बादली.

"काका, खिळा पण नाय माझ्याकडे. ठोकू काय?"

सिताराम खाली आले आणि त्यांनी सूचना टाइप केली: 'दुपारी दोन ते चार कोणीही ठोकाठोक करू नये.' ती टाइप होत असताना खाली वेणूबाईंनी कानांत कापूस घातला.

बुधवारी दुसरी तक्रार आली. सितारामांना राग आला, आणि राग आला की त्यांची बोटं जास्त जोरात चालत. 'सक्त ताकीद' हे शब्द तर तिसऱ्या मजल्यावरच्या भांड्यांनीही ऐकले. सूचना फलकावर लागेपर्यंत तिसरी तक्रार तयार होती. तेव्हा सितारामांनी ठेवणीतली भाषा काढली: 'आवाज करणारी वस्तू जप्त करून कायमची बंद करण्यात येईल. यातून कोणालाही, अगदी सेक्रेटरीच्या कुटुंबालाही, सूट मिळणार नाही.' शेवटचं वाक्य त्यांना इतकं आवडलं की त्यांनी ते ठळक केलं.

गुरुवारी वेणूबाईंनी चेअरमन श्यामसुंदर साळवींना थेट घरीच आणून बसवलं. टकटक जोरात चालू होती. साळवींनी फोन लावला.

"सेक्रेटरी, आवाज चालू आहे! लगेच खाली या!"

सिताराम धावत आले. सगळे कान देऊन बसले. शांतता.

"बंद झाला वाटतं," साळवी म्हणाले.

"मी आलो ना, घाबरला तो," सिताराम म्हणाले आणि वर गेले. टकटक सुरू. पुन्हा फोन, पुन्हा सिताराम, पुन्हा शांतता. तिसऱ्यांदा ते वर गेले, तेव्हा पुस्तकातून मान वर न काढता दीक्षा म्हणाली, "आजी, काका आले की बंद, काका गेले की चालू."

साळवींनी वेणूबाईंकडे पाहिलं. तिघंही हळूच जिना चढले. सुचिताबाईंनी दार उघडलं. आत सिताराम पाठमोरे बसून चौथी नोटीस टाइप करत होते. वेणूबाईंनी कानांतला कापूस काढला.

सितारामांनी मागे पाहिलं. तिघांचे चेहरे पाहिले, मग स्वतःच्या बोटांकडे पाहिलं. एक कळ दाबली. टक्.

"हा आवाज?"

"हाच की वो!"

सिताराम उठले. त्यांनी वायर काढली आणि कीबोर्ड दोन्ही हातांनी उचलून साळवींपुढे धरला. सात दिवसांचं मूल दुसऱ्याच्या हातात देताना धरतात, तसा.

"नियम म्हणजे नियम. घेऊन जा, चेअरमन."

"अहो, असा कसा नेऊ? वस्तू जप्त करायची तर कमिटीचा लेखी ठराव पायजे."

"मी टाइप करून देतो."

"कशावर?"

मग सितारामांनी वायर परत जोडली.

साळवी सांगू लागले आणि सिताराम टाइप करू लागले. त्यांची नजर कळांवर नव्हती, कॉम्प्युटरच्या पडद्यावरही नव्हती. ती साळवींच्या तोंडावर होती. साळवींचं वाक्य संपायचं आणि टकटक त्याच क्षणी थांबायची. दोनदा तर साळवी शब्दासाठी अडखळले, तेव्हा तो सितारामांनी आधीच टाइप केला होता, आणि बरोबर केला होता. साळवी नकळत भरभर बोलू लागले. टकटकही भरभर झाली. सुचिताबाई चहा ओतायचं विसरल्या.

दीक्षा टेबलाजवळ सरकली. "काका, खाली न बघता?"

"बघायचं कशाला? बोटांना घर माहीत असतं."

"माझ्या बोटांना नाय कळत. क्लार्कच्या परीक्षेत दोनदा टायपिंगलाच उडाले. लॅपटॉपवर अक्षर लागलं का नाय तेच कळत नाय, म्हणून सारखी खाली बघते."

"बस इथे." सिताराम खुर्चीवरून उठले. "मनगट टेकवू नको. आता दाब. ठोका जाणवला? तिथेच सोड, तळापर्यंत ढकलायची गरज नाय. तो ठोका म्हणजे कीबोर्ड तुला सांगतोय, झालं, पुढे जा." त्यांनी खांद्यावरचा पंचा काढून तिच्या हातांवर टाकला. "आता बघितलंस तरी दिसणार नाय."

पंच्याखालून एक टक् आलं. मग दुसरं. चुकलं. पुन्हा पहिल्यापासून. हळूहळू पाच-सहा एका चालीत आले, आणि दीक्षा मान ताठ ठेवून पडद्याकडे पाहत हसली.

"सेक्रेटरी," वेणूबाई म्हणाल्या, "ठराव पुरा झाला का?"

"नाय आक्का, 'कायमची बंद' एवढं राहिलंय."

"ते खोडा. लिवा, वस्तू सेक्रेटरीच्या घरीच जप्त ऱ्हाईल."

साळवींनी मान डोलावली. सितारामांनी दीक्षाला बाजूला सरकवून टाइप केलं.

"लिवा, रोज दुपारी दोन ते चार दीक्षाचा हात बसंस्तोवर चालू ऱ्हाईल."

टाइप झालं.

"आनि लिवा, एक दिस जरी आवाज आला नाय, तर तिसऱ्या मजल्यावरून तक्रार येईल."

"तक्रार कोणाकडे करायची, आक्का?"

"सेक्रेटरीकडं," वेणूबाई म्हणाल्या. "आनि त्यानं बसून लगेच नोटीस टाइप करावी."