डब्याकडे बघायचं नाही

लाइल टोर्गर्सन गेला होता बंदुकीच्या रिकाम्या पुंगळ्या आणायला, आणि घरी आला तो पायपेटी घेऊन.

त्याची बायको मर्ना ओले हात पुसत अंगणात आली. पिकअपच्या मागे ताडपत्रीखाली कपाटाएवढं काहीतरी दोरीने करकचून बांधलेलं होतं.

“हे काय?”

“पायपेटी.”

“ते दिसतंय मला. आपल्या गाडीत काय करतेय ती?”

“बर्निसकाकूंकडून घेतली. हेल्मरकाकांच्या मागे सगळं सामान विकायला काढलंय ना त्यांनी. घर रिकामं करून लेकीकडे राहायला जायचंय त्यांना.”

“अरे, पण पायपेटी? तुला वाजवता येते?”

लाइलने दोरी सोडण्यात डोकं घातलं. “थोडीफार,” तो म्हणाला.

मर्ना बघतच राहिली. इतकी वर्षं संसार केला, या माणसाने कधी शिट्टीसुद्धा सुरात वाजवली नव्हती. प्रार्थनेला उभा राहिला की नुसते ओठ हलवायचा.

आता खरं सांगून टाकायला काय हरकत होती? होती हो. या खोऱ्याची एक भानगड आहे. मागच्या पिढीत इथल्या एकुलत्या एका दुकानदाराने एकाच मापाच्या बंदुका घाऊक आणल्या आणि येईल त्याच्या गळ्यात मारल्या. त्यामुळे आज ज्याच्या त्याच्या भिंतीवर बापाची म्हणून तीच बंदूक. बंदुका अजून ठणठणीत आहेत, पण त्या मापाची काडतुसं बनवणं कारखान्यांनी केव्हाच सोडून दिलं. मग उरलं काय, तर वापरलेल्या पितळी पुंगळ्या जपायच्या, त्यांच्यातच पुन्हा दारू भरायची आणि टोकाला नवी गोळी बसवायची. पण पितळ तरी किती सोसणार! मानेला चीर गेली की पुंगळी फुकट. लाइलकडच्या सगळ्या अशाच गेल्या होत्या. अमक्याकडे त्या मापाच्या पुंगळ्या आहेत असं नुसतं कुजबुजलं तरी संध्याकाळपर्यंत अमक्याच्या दारात पाच गाड्या उभ्या. आणि मर्नाला सांगणं म्हणजे गावात दवंडी पिटणं. बाई मनाची सोन्यासारखी, पण तिच्या हातात फोन होता.

त्यातून नेमका याच वर्षी लाइलचा मूसच्या शिकारीचा परवाना सोडतीत निघाला. मूस म्हणजे घोड्याएवढं सांबर. माणसं जन्मभर अर्ज करतात तेव्हा कुठे एकदा नंबर लागतो, कित्येकांचा तोही लागत नाही. लाइलच्या वडिलांचा, अर्विडचा, कधीच लागला नव्हता. म्हातारा आता खुर्चीतून उठताना दोन्ही हातांनी टेबल धरायचा. परवान्याची बातमी ऐकून तो म्हणाला, “माझ्या बंदुकीने मार. मी गाडीत बसून बघेन.”

उभ्या आयुष्यात म्हाताऱ्याने पोराकडे काही मागितलं नव्हतं. लाइलला गलबलून आलं आणि तो “हो” म्हणून बसला. घरात धड पुंगळी एक नाही, आणि हा “हो” म्हणून बसला!

म्हणून बर्निसकाकूंच्या बैठकीच्या खोलीत, खिडकीच्या कट्ट्यावर, कॉफीच्या लाल डब्यात काठोकाठ भरलेल्या पुंगळ्या उन्हात झगमगताना दिसल्या तेव्हा तो उंबऱ्यातच थबकला. माप तेच. दारातूनच ओळखलं त्याने. पण हवी ती वस्तू बघायची नाही, तिच्या शेजारची बघायची, ही या खोऱ्यातली खरेदीची रीत. डोळ्यांत हाव दिसली की गेला सौदा. डब्याकडे बघायचं नाही, असं स्वतःला बजावत लाइल आत शिरला.

“काय शोधतोयस रे?” बर्निसकाकूंनी विचारलं.

“मी? काही नाही. असाच आलो.”

“खिडकीपाशी काही हवंय का?”

“छे! खिडकीपाशी काय असणार!” म्हणत त्याने मान जी गर्रकन फिरवली ती समोरच्या भिंतीकडे. भिंतीला टेकून पायपेटी उभी. “मी आपला… ही पायपेटी बघत होतो.”

“अगं बाई! तुला येते वाजवता?”

“थोडीफार.”

“बस की मग! बस बाबा. हेल्मर गेल्यापासून झाकण उघडलं नाही कुणी.” काकूंनी पदर नव्हता म्हणून एप्रन डोळ्यांना लावला. आता रडणाऱ्या बाईला कोण सांगणार की मला तुमची पायपेटी नको, कॉफीचा डबा हवाय? लाइलने विचार केला, पायपेटी घेऊ, आणि निघता निघता सहज म्हणू, तो डबा पण टाका हो त्यात. पण पायपेटी गाडीत चढली आणि तो “काकू, तो तिथला…” एवढं बोलतो न बोलतो तोच दारात शेजारचा डेल उभा राहिला.

“काय रे, काय घेतलंस?” डेलने विचारलं.

“पायपेटी. तू?”

“मी असाच,” डेल म्हणाला. दोघांनीही छताकडे बघितलं. छतात बघण्यासारखं काही नव्हतं. थोड्या वेळाने डेल शिंपिणी वापरतात तो बायकी पुतळा काखोटीला मारून बाहेर पडला. डेल ट्रॅक्टर दुरुस्त करतो. लाइल त्याच्याकडे बघत राहिला, पण दुसऱ्याला हसायला स्वतःच्या गाडीत पायपेटी नसावी लागते.

दुसऱ्या दिवशी सकाळीच पास्टर एंगर घरी आले. मर्नाने बहिणीला फोन केला होता, बहिणीने गावाला.

“लाइल, देवाने तुला वेळेवर जागं केलं,” पास्टर त्याचा हात दोन्ही हातांत धरून म्हणाले. “आपल्या चर्चमध्ये वाजवणाऱ्या बाई थंडीच्या भीतीने ॲरिझोनाला पळाल्या. रविवारी तू वाजवशील?”

“मी? नाही हो, मी अगदीच…”

“नम्र आहे,” मर्ना अभिमानाने म्हणाली.

“चार गाणी फक्त. आणि मुलांचं एक.”

“पास्टर, खरंच माझी बोटं…”

“बोटं देवाची,” पास्टर म्हणाले. त्यांच्यापुढे कुणाचं काय चालणार! कोपऱ्यातून अर्विडचा आवाज आला. “याला शाळेत टाळ्या वाजवायलासुद्धा मागच्या रांगेत उभं करायचे.” पास्टर मोठ्याने हसले, मर्ना हसली, त्यांना वाटलं म्हातारा थट्टा करतोय. ते गेल्यावर अर्विडने मुलाला जवळ बोलावलं. “पायपेटीचं राहू दे. काडतुसं भरलीस का?”

“भरतो, बाबा.”

“हंगाम आला.”

“भरतो म्हटलं ना!”

म्हातारा नुसता भिंतीवरच्या बंदुकीकडे बघत राहिला, आणि ते लाइलला जास्त लागलं.

त्याच दुपारी तो तडक बर्निसकाकूंकडे गेला. ठरवूनच गेला होता, पायपेटी परत घ्या, डबा द्या, विषय संपला. खोली बरीच रिकामी झाली होती. डबा मात्र खिडकीत जिथल्या तिथे होता. उलट कुणीतरी पुसून लखलखीत केल्यासारखा दिसत होता. पण खोलीत आणखी दोघे गावकरी होते. एकजण भरतकामाच्या चौकटीवरून हात फिरवत होता, दुसरा लोणच्याच्या बरण्या उन्हात धरून बघत होता. दोघांचीही पाठ खिडकीकडे.

“लाइल, आज काय?” काकू म्हणाल्या.

लाइलने तोंड उघडलं. दोन्ही पाठींचे कान टवकारले. लाइलने तोंड मिटलं, आणि बोट नेईल तिकडे दाखवून मोकळा झाला.

त्या संध्याकाळी मर्ना पुन्हा ओले हात पुसत अंगणात आली.

“हे काय?”

“अंडी उबवायची पेटी.”

“आपल्याकडे कोंबड्या नाहीत, लाइल.”

“घेऊ की.”

यावर मर्ना भांडली असती तर लाइलला बरं वाटलं असतं. पण जेवायला तिने त्याच्या आवडीचा मटणाचा रस्सा केला, लेफ्से म्हणतात ती बटाट्याची लुसलुशीत पोळी भाजली, लोणी सढळ हाताने लावलं आणि समोर बसून त्याच्याकडे टक लावून बघायला लागली.

“लाइल, डॉक्टर काही म्हणाले का तुला?”

“कोण डॉक्टर?”

“माझ्यापासून लपवू नकोस रे. माणूस आधी संगीताकडे वळतो, मग पिल्लांकडे… माझ्या आत्याचे यजमान असेच. शेवटी शेवटी त्यांनी बासरी घेतली होती.”

“मर्ना, मला काहीही झालेलं नाही!”

“तेही असंच म्हणायचे,” मर्ना म्हणाली आणि रडायलाच लागली.

लाइलने ताट बाजूला सारलं. बायको सुतकी तोंड करून बसलेली, बाप बंदुकीकडे बघतोय, रविवारी अख्ख्या गावासमोर चार गाणी आणि मुलांचं एक. आपण नक्की कुठे चुकलो हेच त्याला कळेना. साध्या पुंगळ्या हव्या होत्या हो माणसाला!

शनिवारी सकाळी तो बर्निसकाकूंच्या दारात उभा राहिला तेव्हा सुदैवाने आत कुणी नव्हतं. खोलीत एक टेबल, दोन खुर्च्या, एक पाळणा आणि खिडकीतला डबा एवढंच उरलं होतं. लाइलने टोपी काढली.

“काकू, मला पायपेटी वाजवता येत नाही. एक सूर येत नाही. मला कोंबड्यासुद्धा नको आहेत. मला तो डबा हवाय. पहिल्या दिवसापासून तोच हवा होता. बाबांना शब्द दिलाय त्यांच्या बंदुकीने मूस मारेन म्हणून, आणि घरात एक पुंगळी नाही. बाबांना पुढचा हंगाम दिसेल की नाही मला माहीत नाही. आता तुम्हाला हसायचं तर हसा.”

काकू हसल्या नाहीत. खुर्चीवर बसल्या आणि मोठा सुस्कारा सोडला.

“सुटले बाई! कुणीतरी एकजण तोंड उघडून बोलला.”

“म्हणजे?”

“अरे, हेल्मर जायच्या आधी मला म्हणाला होता, बर्निस, माझं हे भंगार कुणी फुकटसुद्धा नेणार नाही. तू एक कर. तो डबा उन्हात ठेव आणि त्याच्याबद्दल चकार शब्द बोलू नकोस. घर आपोआप रिकामं होईल.” काकूंनी रिकाम्या खोलीवरून हात फिरवला. “बघ. डेलने शिंपिणीचा पुतळा नेला. दोघांनी भांडून बरण्या नेल्या. एकाने तर माझी लग्नातली टोपी नेली, बायकोच्या मापाची आहे म्हणून. त्याला बायको नाही! सगळे डब्याच्या आजूबाजूला नाचतात आणि डबा सोडून सगळं घेऊन जातात. मला आधी वाटलं हेल्मर थट्टा करतोय.”

लाइल खाली बसला. काही क्षण त्याला रागवावं की रडावं तेच समजेना. मग तो उठला आणि आयुष्यात पहिल्यांदा डब्याकडे सरळ बघितलं. जवळ जाऊन बोट आत खुपसलं. वर पुंगळ्यांचा एक थर, खाली राजमा.

“राजमा आहे हा!”

“मग काय, सगळ्या उघड्यावर ठेवू? एखाद्याने खिशात घातल्या तर?” काकूंनी टेबलाचा खण उघडला आणि एक जड पुरचुंडी त्याच्यासमोर ठेवली. पुंगळ्या धुतलेल्या, मानेला चीर नाही, तोंडं एकसारखी. “घे. अर्विडला सांग, हेल्मरच्या आहेत. दोघं एकत्र जायचे शिकारीला. आणि मूस मिळाला तर माझ्याकडे मांस पाठवायला विसरू नकोस.”

लाइलने पुरचुंडी कोटाच्या आतल्या खिशात घातली, वरून बटण लावलं. “पायपेटी आज परत आणून टाकतो,” तो कसाबसा म्हणाला.

“खबरदार! रविवारी तिथेच पाठव, चर्चमध्ये. मी वाजवेन. पास्टरला काय सांगायचं ते तुझं तू बघ.”

तेवढ्यात दार वाजलं आणि साक्षात पास्टर एंगर आत आले. लाइलला बघून त्यांची पावलं दारातच अडखळली. त्यांची नजर खिडकीकडे गेली, विस्तवावर पडल्यासारखी मागे आली आणि छताला जाऊन चिकटली.

“अरे लाइल! तू इथे! मी आपला असाच आलो होतो.” पास्टरांनी घसा साफ केला आणि दिसेल त्या वस्तूवर हात ठेवला. “बर्निसबाई, हा… हा पाळणा द्यायचाय का?”

साठी उलटलेले पास्टर एंगर जन्माचे ब्रह्मचारी. बर्निसकाकूंनी लाइलकडे बघितलं. लाइलने कोटाच्या खिशावर हात दाबून धरला आणि पास्टरांकडे बघितलं. बोटं देवाची, असं हेच म्हणाले होते ना?

“पास्टर, घेऊन टाका,” तो गंभीरपणे म्हणाला. “अस्सल ओक आहे. पण त्याच्यासोबतची, गोठ्यात ठेवलेली बाळाची उंच खुर्ची घेतल्याशिवाय काकू देत नाहीत. आणि बाबागाडी.”

“बाबागाडी,” पास्टर छताला म्हणाले. “बघू या की. तीही बघू या.”

काकू आत गेल्या आणि गोठ्याची किल्ली घेऊन आल्या.

“वेळ आहे ना, पास्टर?” त्यांनी विचारलं. “मग आधी नांगर दाखवते.”